ॲव्हरेज किती देते?

आपल्याकडे मुलगी झाली की लोक "कुणावर गेलीय?" असं विचारतात, मुलगा नोकरीला लागला की "हातात किती पडतात?" असं विचारतात आणि दारात मोटार आली की "ॲव्हरेज किती देते?" असं विचारतात. या तिन्ही प्रश्नांना खरं उत्तर द्यायची आपल्यात पद्धत नाही. पहिल्याचं उत्तर समोर कुणाची आई बसली आहे ते पाहून द्यायचं असतं. दुसऱ्याचं उत्तर विचारणारा वधूपिता आहे की उसने मागणारा मित्र, ते पाहून द्यायचं असतं. तिसऱ्याचं मात्र कुणालाही, कुठेही, कधीही एकच उत्तर : "बावीस-तेवीस सहज!"

माझा राग या 'सहज'वर आहे. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर माझी अशी पक्की खात्री झाली आहे, की ज्या आकड्याच्या शेजारी 'सहज' बसतो तो आकडा कुणीही मोजलेला नसतो. 'पन्नास हजार सहज सुटतील', 'दहा मिनिटांत सहज पोचू', 'हप्ता काय, सहज फेडू'. या तिन्ही वाक्यांचा शेवट कसा होतो ते आम्हां कारकुनांना विचारा.

तेव्हा आधीच सांगून टाकतो. न मोजता पेट्रोल जाळणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ज्याचे पैसे त्याने जाळावेत. दिवाळीत फटाके वाजवतो आपण, तसं समजावं. माझं भांडण न मोजता आकडा सांगणाऱ्यांशी आहे. ते चांगलं खडाखडी व्हावं अशी इच्छा आहे.

मुळात शब्दच पाहा. बाकीचं जग मायलेज म्हणतं, आपण ॲव्हरेज म्हणतो. ॲव्हरेज म्हणजे सरासरी. सरासरी काढायला किमान दोन आकडे लागतात, हे मी बी.कॉम.ला शिकलो; अर्थात तेवढ्यासाठी बी.कॉम. व्हायची गरज नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी एका रविवारी सहज (हा सहज खरा) चौकशी केली. तेवीस गाड्या निघाल्या, तेवीस ॲव्हरेज निघाली आणि लिहून ठेवलेला आकडा एकाकडेही निघाला नाही. ज्या देशात दूधवाल्याचं अर्धा लिटर कॅलेंडरवर लिहिलं जातं, त्या देशात चाळीस लिटर पेट्रोलची कुठे नोंद नसावी, याचं मला दुःख आहे.

या आकडेदात्यांचे चार प्रकार मी पाहिले आहेत.

पहिले पोथीनिष्ठ. यांनी गाडी घेताना मिळालेलं चकचकीत ब्रोशर जपून ठेवलेलं असतं आणि त्यातला आकडा दशांशासकट पाठ असतो. "चोवीस पूर्णांक बारा!" त्यांना म्हणावं, "अहो, पण तुमच्या गाडीचं?" तर ते दुखावतात. मुलाच्या पत्रिकेत राजयोग आहे म्हटल्यावर मुलगा सध्या काय करतो हे विचारण्यासारखं आहे ते.

दुसरे घाटउतारे. हे एकदा लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरत होते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, एसी बंद, मागून वारा. पडद्यावर तेव्हा जे दिसलं ते यांनी आयुष्यभरासाठी लिहून घेतलं. कॉलेजातला फोटो पन्नाशीतही पाकिटात बाळगणाऱ्या माणसासारखे हे असतात. फोटो खोटा नसतो, पण त्यावरून माणूस ओळखता येत नाही.

तिसरे पडद्यावाले. हे डॅशबोर्डावरच्या आकड्याला प्रमाण मानतात. आता तो आकडा गाडीचा संगणक स्वतःच अंदाजाने काढतो : इंजिनात पेट्रोलचे फवारे किती वेळ सोडले, त्यावरून. त्याने पेट्रोलपंपाची पावती पाहिलेली नसते. माझ्या गाडीचा पडदा माझ्या वहीपेक्षा नेहमी एक-दीड किलोमीटर वर असतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. हाताखालच्या माणसाने वरिष्ठाला थोडं गोड सांगावं ही रीतच आहे. पण वरिष्ठाने त्यावर सही करू नये.

चौथे पाचशेवाले. हे पंपावर जातात आणि "पाचशेचं टाक" म्हणतात. टाकीत आधी किती होतं ते माहीत नाही, संपलं तेव्हा किती उरलं होतं ते माहीत नाही, मधे किती किलोमीटर झाले तेही माहीत नाही. पण ॲव्हरेज माहीत आहे! ओपनिंग बॅलन्स नाही, क्लोजिंग बॅलन्स नाही आणि नफा मात्र तोंडपाठ. असं लेजर आमच्याकडे कुणी लिहिलं तर त्याला मेमो मिळतो. यांना मिळतो मान.

आता ब्रोशरमधला आकडा कुठून येतो तेही सांगितलं पाहिजे, कारण त्या आकड्यावर उगाच खोटेपणाचा आळ घेणारे लोकही आहेत. ते पोथीनिष्ठांचे सख्खे भाऊ. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय नावाची संस्था आहे. अशा संस्थांच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. आपल्या पुष्कळशा प्रगतीचं हेच वर्णन आहे, पण ते असो. एक ठरलेला वेळापत्रकी प्रवास असतो : ११८० सेकंदांचा, म्हणजे एकोणीस मिनिटं चाळीस सेकंदांचा. त्यात आधी शहराची नक्कल, म्हणजे सुटा, थांबा, पुन्हा सुटा. मग थोडा मोकळा रस्ता, वेग जास्तीत जास्त ९० किलोमीटर. एकूण अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास. धूर पिशव्यांत भरून घेतात आणि त्यातल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळालं ते उलट्या हिशेबाने काढतात. मला तर हा प्रकार फार आवडला. खर्चाच्या पावत्या मागत न बसता माणसाचा उच्छ्वास तपासून हिशेब लावायची सोय आमच्या ऑडिटरला अजून मिळालेली नाही.

ही परीक्षा प्रामाणिक आहे. सगळ्या गाड्यांना एकच पेपर, एकच वेळ, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम. पण आजवर ब्रोशरमध्ये छापून आलेले हे आकडे एसी बंद ठेवून काढलेले आहेत. प्रयोगशाळेत खड्डे नाहीत, पाऊस नाही, मागच्या सीटवर सासूबाई आणि डिकीत त्यांनी गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं नाही. दहावीला ९२ टक्के मिळाले याचा अर्थ मुलगा आयुष्यात दर दिवशी ९२ टक्के वागेल असा होत नाही. चूक बोर्डाची नव्हे. चूक गुणपत्रिकेला पगारपत्रक समजणाऱ्याची.

आणि आमचा रस्ता तर मुद्दाम काढलेल्या कठीण पेपरासारखा आहे. मी द्रोणागिरीला राहतो. मारुतीने संजीवनीसाठी द्रोणागिरी उचलून नेला तेव्हा त्याचा एक तुकडा उरणजवळ पडला, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. हिमालय ते लंका एवढा पल्ला, वर अख्ख्या डोंगराचं ओझं, मधे कुठे थांबा नाही : पण त्या मूळ मारुतीला कुणी ॲव्हरेज विचारलं नाही. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये दुसरी मारुती, म्हणजे मारुती ८००, रस्त्यावर आली आणि तेव्हापासून आपण दुसरं काही विचारलं नाही. त्याआधी लोक मोटारीबद्दल "नंबर कधी लागणार?" आणि "थंडीत सुरू होते का?" हे दोनच प्रश्न विचारत. छोट्या गाडीने मध्यमवर्गाला मोटार दिली आणि मोटारीबरोबर एक फुशारकीही दिली.

तर आमचा रस्ता. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं आणि तेव्हापासून देशाचा निम्माशिम्मा माल आमच्या दारावरून जातो असं आम्हांला वाटतं. चाळीस फुटी कंटेनर घेतलेले ट्रेलर करळ फाट्यापासून गव्हाण फाट्यापर्यंत असे उभे असतात, की पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला ती भिंत वाटते. त्या भिंतींच्या मधल्या बोळात आमच्या छोट्या गाड्या. मे महिन्यातली खाडीकाठची हवा, म्हणजे इडलीपात्रात बसून प्रवास. एसी बंद करून ॲव्हरेज वाढवा असा सल्ला देणाऱ्याने एकदा त्या बोळात दुपारी दोन वाजता काच खाली करून दाखवावी. छोटं इंजिन नुसतं जागेवर उभं राहून तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं. एसी चालू असेल तर आणखी. म्हणजे ट्रेलरमागे अर्धा तास उभं राहिलं की पाच-सात किलोमीटरचं पेट्रोल शून्य किलोमीटरमध्ये गेलं. शून्य भागिले काहीही म्हणजे शून्य. त्या अर्ध्या तासाचं ॲव्हरेज ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

पेट्रोल वाचवायचा सल्ला देणारी पीसीआरए नावाची सरकारी संस्था आहे. गाडी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने एकसारखी चालवा, असं ती सांगते. सल्ला सोन्यासारखा. आमच्या रस्त्यावर तो पाळता येतो, पण पहाटे चार वाजता.

म्हणून मी वही घातली. सांगायची गोष्ट अशी, की यात विद्वत्ता काही लागत नाही. टाकी भरायची ती नळी आपोआप 'खट्' करून थांबेपर्यंत. किलोमीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा 'खट्' होईपर्यंत भरायची आणि आत्ता जितके लिटर गेले तितके मधल्या प्रवासात जळाले. चार रकाने : तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. पाचवा रकाना 'शेरा'. त्यात 'ट्रेलर', 'पाऊस', 'रत्नागिरी', 'सासूबाई' असं लिहायचं.

याला घरातून विरोध झाला. "अहो, आई अजून बाहेर उन्हात उभ्या आहेत, त्यांना आत घ्या आधी, मग लिहा तुमचे आकडे!" हे वाक्य मी पंपावर चारचौघांत ऐकलं आहे. चिरंजीवांचं म्हणणं असं, की मोबाइलमध्ये हे सगळं करता येतं. करता येतं, पण करत कुणी नाही. वही ग्लोव्ह बॉक्समध्ये असते आणि कागद काढायला गेलं की हाताला लागते.

एका टाकीवरून निकाल देऊ नये, हा वहीचा पहिला धडा. 'खट्' कधी आधी होतो, कधी उशिरा. गाडी किंचित कलती उभी राहिली तरी लिटरभर फरक पडतो. एका टाकीत तो लिटर ॲव्हरेजची उलथापालथ करतो. पण या वेळी कमी बसलेला लिटर पुढच्या वेळी जास्त बसतो, बाकी पुढे ओढली जाते आणि वर्षाच्या बेरजेत तो चिल्लर होतो. आमच्याकडे सस्पेन्स अकाउंट असतं तसंच. टायर झिजले की चाक लहान होतं आणि तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेतं, म्हणून किलोमीटरचा काटा जास्त दाखवतो. नव्या टायरपासून पार गुळगुळीत होईपर्यंत हा फरक दोन टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे टायर झिजवा आणि ॲव्हरेज वाढवा! काही लोक हे नकळत करतातही. पंपाचा संशय आला तर तिथे पाच लिटरचं वैधमापनाचा शिक्का असलेलं माप ठेवलेलं असतं, ते मागून आपल्यासमोर भरून पाहायचा आपल्याला हक्क आहे. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटर इकडेतिकडे चालतात, त्याहून जास्त नाही. हा हक्क मी आजवर दोनदा बजावला. दोन्ही वेळा माप बरोबर निघालं आणि मागच्या रांगेतल्या लोकांनी माझ्याबद्दल जे मत दिलं तेही लिटरमध्ये मोजण्यासारखं होतं.

आता माझा आकडा. ब्रोशर म्हणतं चोवीसच्या वर. वही म्हणते : वर्षाचे ८,४१२ किलोमीटर, ५१४ लिटर. म्हणजे १६.४. सगळ्यात चांगली टाकी १९.८ ('रत्नागिरी'), सगळ्यात वाईट १२.१ ('मे, ट्रेलर, शाळा, सासूबाई'). मी हा आकडा सोसायटीच्या जिन्यात जाहीर केला तेव्हा लोकांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. एकाने मेकॅनिकचा नंबर दिला. "तुमची गाडी काहीतरी खातेय हो!" गाडी काही खात नव्हती. त्यांचीही तेवढंच पीत होती. फरक एवढाच, की मी पेले मोजले होते.

आणि मोजणाऱ्यांतही एक गफलत चालते. जाताना पहाटे लिटरला २० मिळाले, येताना ट्रेलरमागे १० मिळाले, सरासरी किती? नव्वद टक्के लोक १५ म्हणतील. चूक! चाळीस किलोमीटर जायला २ लिटर, चाळीस यायला ४ लिटर. ऐंशी किलोमीटरला ६ लिटर. म्हणजे १३.३३. याला पुस्तकात हार्मोनिक मीन म्हणतात. परीक्षेला मी तो ऑप्शनला टाकला होता. करळ फाट्याने तो मला पुन्हा शिकवला. वाईट रस्त्याचं वजन चांगल्या रस्त्यापेक्षा जास्त असतं, एवढाच त्याचा अर्थ. हे गणित पेट्रोलपुरतंच आहे असं मला वाटत नाही.

म्हणून युरोपातले लोक 'लिटरला किती किलोमीटर' असं न विचारता 'शंभर किलोमीटरला किती लिटर' असं विचारतात. यात मोठी मेख आहे. एका घरात दोन गाड्या आहेत. जुन्या जीपचं १० वरून १२ झालं, नव्या छोटीचं २० वरून २५ झालं. जास्त फायदा कुठे? आपण छोटीला हार घालू. पण शंभर किलोमीटरला जीपचे १० लिटर होते ते ८.३३ झाले, म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास वाचले. छोटीचे ५ चे ४ झाले, एकच वाचला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सोल या दोन प्राध्यापकांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हाच भ्रम दाखवून दिला होता. म्हणजे आपला आवडता प्रश्न नुसता खोट्या उत्तराचा नाही, तो उलटा विचारलेलाही आहे.

"पण इतका हिशेब करून मिळतं काय?" हा आक्षेप मला नेहमी ऐकवतात. ऐकवणारे बहुधा भाजीवालीशी दोन रुपयांसाठी दहा मिनिटं वाद घालून आलेले असतात. मिळतं ते असं. मुंबईत २९ मे २०२१ रोजी पेट्रोलने शंभरी गाठली. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला शंभरच धरा. चोवीसने भागलं तर किलोमीटरला चार रुपये सोळा पैसे. माझ्या वहीने भागलं तर सहा रुपये अकरा पैसे. त्यात विमा, टायर, सर्व्हिसिंग काही नाही, नुसतं पेट्रोल. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली आणि शिवडीहून येणारा अटल सेतूही. सेतू सुरू झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये होता. वहीच्या भाषेत त्यात माझी गाडी चाळीस किलोमीटर चालते. लोकलचं तिकीट चहा-वड्याच्या भावात. बेलापूरला जायचं तर मोटार की लोकल, हा प्रश्न चोवीसच्या आकड्याला हौसेचा वाटतो. सोळाच्या आकड्याला तो प्रश्नच राहत नाही. आम्ही आठवड्यातून चार दिवस लोकलने जातो. गाडीबद्दलचं माझं प्रेम त्याने वाढलंच आहे. रोज भेटत नसल्यामुळे असेल.

दुसरा वाद इथेनॉलचा. २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आपण गाठलं. आधी ते २०३० चं होतं. आमच्या गाड्या आता ऊसवाल्यांच्या आशीर्वादाने चालतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे मिश्रणाचं ॲव्हरेज थोडं उतरणार हे उघड आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या, दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचा उतार सहा ते सात टक्के आणि विसासाठी जुळवलेल्यांचा एक ते दोन टक्के असा दिला होता. आता पार्किंगमधली सभा ऐका. एक म्हणतो, "माझं सरळ पंचवीस टक्के पडलं!" दुसरा म्हणतो, "काही फरक नाही, उगाच बोंब!" मी दोघांनाही विचारलं, "आधीचं किती होतं?" दोघेही म्हणाले, "बावीस-तेवीस सहज."

इथे माझं डोकं खरोखर तापतं. सरकारशी भांडायचं तर भांडावं. ग्राहकाचा तो हक्क आहे, मीही भांडेन. पण भांडायला 'आधीचा' रकाना लागतो. तो कोरा ठेवून आपण नुसते हात वर करतो आणि समोरचा साहेब शांतपणे विचारतो, "पुरावा?" ज्याच्याकडे वही नाही, त्याची तक्रार ही तक्रार नसते, ती हवापाण्याची गप्प असते. कंपनीलाही ते माहीत असतं, सरकारलाही.

"जाऊ द्या हो, गप्पांतला आकडा तो! त्याने कुणाचं काय वाईट होतं?" असं कुणी म्हणेल. होतं.

आमच्या शाखेत एक मुलगा हप्ता भरायला येतो. जवळच्याच गावचा. आजोबांची जमीन प्रकल्पात गेली, वडिलांची उमेद त्या मोबदल्याच्या कागदपत्रांत गेली. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. पण 'विमानतळ येतोय' हे वाक्य आमच्याकडे त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून धावपट्टीवर होतं. त्याच्या भरवशावर याने सीएनजीची छोटी गाडी कर्जाने घेतली, भाड्याने चालवायला. कर्ज मंजूर करणारे साहेब आत बसतात. मी बाहेर बसतो, हप्ते माझ्याकडे येतात. पहिले सहा महिने हप्ता पाच तारखेला येई. मग पंधराला येऊ लागला. मग अर्धा येऊ लागला. एक दिवस काउंटरवर गर्दी नव्हती, म्हणून मी त्याच्या अर्जासोबतचा हिशेब त्याच्यासमोर उघडला. महिन्याला तीन हजार किलोमीटर, किलोला ३४, गॅस ८० रुपये किलो : खर्च सात हजार. कागदावर सगळं नीट जुळत होतं. टोटलही बरोबर होती.

"खरंच चौतीस देते?" मी विचारलं.

"नाय काका. चोवीस. एशी लावला तं तेवरा पन नाय."

चोवीसने भागलं की सात हजारांचे दहा हजार होतात. महिन्याला जवळजवळ तीन हजारांचा खड्डा. वर पाहुणा सोडून रिकामं परत यायचे किलोमीटर वेगळेच. मुलगा आळशी नव्हता, व्यसनी नव्हता, बुडवा तर नव्हताच. अर्धा का होईना, हप्ता घेऊन स्वतः येत होता.

"चौतीस तुला सांगितलं कुणी?"

तो जरा विचारात पडला. एखादं नाव सांगेल म्हणून मी वाट पाहत होतो.

"सगल्यांनी," तो म्हणाला.

सगळ्यांनी म्हणजे ब्रोशरने, शोरूममधल्या टायवाल्या मुलाने, गाडी असलेल्या चुलतभावाने, नाक्यावरच्या रिकामटेकड्याने आणि कदाचित आमच्या पार्किंगमधल्या एखाद्या गृहस्थाने सुद्धा. शोरूमवाल्याला मी एक वेळ माफ करतो. त्याचं पोट त्या आकड्यावर आहे. पण ज्यांच्याकडे तीच गाडी होती, तेच ट्रेलर होते आणि तोच रस्ता होता, त्यांना खरा आकडा सांगायला काय लागत होतं? चौतीस सांगून त्यांना मिळालं काय? आपण गाडी निवडण्यात फसलो नाही, एवढं समाधान. त्या समाधानाचा महिन्याचा तीन हजारांचा हप्ता तो मुलगा भरतो आहे.

म्हणून माझी मागणी अगदी बेताची आहे. ब्रोशर फाडा, पडदे फोडा, असं काही मी म्हणत नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने एक वर्ष वही ठेवावी. प्रत्येक सोसायटीत गणपतीच्या वर्गणीचा तक्ता लागतो, त्याच्या शेजारी आणखी एक तक्ता लागावा : गाडीचं नाव, वर्षाचे किलोमीटर, वर्षाचे लिटर किंवा किलो. ॲव्हरेज लिहूच नये. ज्याला गरज आहे तो भागाकार करील. मान खाली जाईल ही भीती नको. सगळ्यांचेच सोळा निघाल्यावर मान कुणाची खाली जायची? उलट चोवीसवाल्याकडेच लोक संशयाने पाहतील आणि ते दृश्य बघायला मी खुर्ची टाकून बसायला तयार आहे.

आणि ज्याला वही ठेवायचा कंटाळा आहे त्याने ठेवू नये. सक्ती नाही. फक्त उद्या एखादा पोरगा बँकेत जायच्या आधी तुमच्या गाडीपाशी येऊन उभा राहिला आणि "काका, ॲव्हरेज किती देते?" असं त्याने विचारलं, तर त्याला 'माहीत नाही' एवढंच सांगावं. दोनच शब्द आहेत. त्यांना पेट्रोल लागत नाही.